ग्वाल्हेरला नवीन आलात? महापौराच्या निवडणुकीआधी आपला वॉर्ड ओळखा

लग्न होऊन मी ग्वाल्हेरच्या लश्कर भागात राहायला आले आणि काही महिन्यांतच महापालिकेची निवडणूक लागली. दारावर पर्ची, म्हणजे मतदाराची चिठ्ठी, वाटायला मुलं आली तेव्हा मी सासूबाईंना विचारलं, "आपले नगरसेवक कोण?" त्या म्हणाल्या, "पार्षद म्हण. नगरसेवक म्हटलंस तर इथे कुणाला कळायचं नाही." ग्वाल्हेरच्या राजकारणातला माझा पहिला धडा तो.

त्याला वीसेक वर्षं झाली. मी कुठल्याही पक्षाची सभासद नाही. आमच्या गल्लीतल्या बीएलओ, म्हणजे बूथची मतदारयादी सांभाळणाऱ्या ताई अंगणवाडीत काम करतात. मतदारयादीचं काम निघालं की मराठी घरांमध्ये मी त्यांच्याबरोबर फिरते, आणि त्या फिरण्यातच हे सगळं शिकले. बँकेत बदली होऊन आलेले, नवीन सुना, शिकायला आलेली मुलं, मुलाकडे राहायला आलेले निवृत्त आईवडील असे कितीतरी जण दरवर्षी भेटतात. जवळपास सगळ्यांचं म्हणणं एकच असतं: इथलं राजकारण आपल्याला कळत नाही, आपण काय, पाहुणे. पण नळाला पाणी नाही आलं तर पाहुण्यांच्याही बादल्या रिकाम्याच राहतात. म्हणून ही माहिती क्रमाने लिहिते आहे. महापालिकेची आजची परिषद, म्हणजे पार्षदांची सभा, 2022 ला निवडून आली, तिची मुदत पाच वर्षांची. पुढची निवडणूक 2027 मध्ये व्हायला हवी. आधीच्या परिषदेची मुदत जानेवारी 2020 मध्ये संपली आणि नवी निवडणूक व्हायला 2022 चा जुलै उजाडला. मधली अडीच वर्षं शहर प्रशासकाच्या हाती होतं, त्यामुळे तारखेवर मी पैज लावणार नाही. तयारीला मात्र तारीख लागत नाही.

आधी महाराष्ट्रातली व्यवस्था बाजूला ठेवा

पुण्या-नागपूरहून आलेल्या माणसाचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. महाराष्ट्रात महापौर नगरसेवकांमधून निवडला जातो, त्याची मुदत अडीच वर्षं, आणि मुंबई सोडली तर बहुतेक ठिकाणी एका प्रभागात तीन-चार नगरसेवक असतात. मध्य प्रदेशात महापौर लोक थेट निवडतात, पाच वर्षांसाठी. एका वॉर्डाला एकच पार्षद. म्हणजे मतदान केंद्रावर तुम्ही दोन मतं देता, एक महापौरासाठी आणि एक पार्षदासाठी.

गंमत अशी की नगरपालिकांच्या बाबतीत 2022 ला चित्र नेमकं उलटं होतं. महाराष्ट्रात नगराध्यक्ष थेट निवडतात. इथे त्या वर्षी ग्वाल्हेरजवळच्या डबऱ्यासारख्या नगरपालिकांचे अध्यक्ष पार्षदांनी निवडले, आणि ग्वाल्हेर-इंदूरचे महापौर जनतेने. तेही सरळ झालं नाही. कमलनाथ सरकारने 2019 मध्ये महापौराची थेट निवडणूक रद्द केली होती, पुढच्या सरकारने 2022 मध्ये अध्यादेश काढून ती परत आणली. त्यामुळे पुढच्या वेळी नियम बदललेत का, हे घोषणेच्या वेळी एकदा पाहून घ्या.

दोन मतं म्हणजे दोन वेगळे निकाल लागू शकतात, आणि ग्वाल्हेरमध्ये तसंच झालं. शहरात 66 वॉर्ड. 2022 च्या जुलैमध्ये महापौरपदी काँग्रेसच्या शोभा सिकरवार भाजपच्या सुमन शर्मांना 28 हजारांहून अधिक मतांनी हरवून निवडून आल्या. काँग्रेसचा महापौर इथे 57 वर्षांनी झाला. पण पार्षद मात्र भाजपचे 34, काँग्रेसचे 25 आणि बाकी अपक्ष व इतर. सभापतीही भाजपचेच झाले.

याचा तुमच्या घराशी काय संबंध, ते सांगते. महापौर पार्षदांमधून आपलं मंडळ निवडतात, त्याला इथे एमआयसी म्हणतात, म्हणजे मेयर इन कौंसिल. पाणी, स्वच्छता, बांधकाम, वित्त अशी खाती त्या सदस्यांकडे असतात. आपल्याकडच्या स्थायी समितीच्या जागी हेच समजा, फक्त ते महापौराच्या मर्जीचं. परिषदेची बैठक मात्र सभापती चालवतात आणि बजेट परिषदेतच मंजूर व्हावं लागतं. शिवाय रोजचा कारभार आयुक्तांच्या सहीने चालतो, आणि आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करतं. आता महापौर एका पक्षाचे, परिषदेत बहुमत दुसऱ्याचं, आणि राज्यात सरकार त्या दुसऱ्याच पक्षाचं. तुमच्या गल्लीतली ड्रेनेजची लाइन अडली तर प्रत्येकाला बोट दाखवायला दुसरा कुणीतरी असतो. म्हणून नव्या माणसाला मी पहिल्यांदा हेच सांगते: कोणतं काम कुणाच्या हातात आहे ते पाठ करा. ते माहीत नसेल तर तुम्हाला कुणीही टोलवू शकतं.

नाव यादीत आणा, आणि गावचं नाव सोडा

सगळ्यात जास्त वेळ मी याच पायरीवर घालवते, कारण लोक सगळ्यात जास्त इथेच अडतात.

भाड्याच्या घरात राहत असलात तरी तुम्ही इथले मतदार होऊ शकता. तुम्ही राहता कुठे, याला महत्त्व आहे. घर कुणाच्या नावावर आहे याला नाही. पहिल्यांदाच नाव नोंदवत असाल तर फॉर्म 6. आधी दुसरीकडे नाव आहे आणि आता पत्ता बदललाय, तर फॉर्म 8. दोन्ही भारत निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर किंवा मोबाइल अ‍ॅपवर भरता येतात, आणि ते जमत नसेल तर बीएलओकडे कागदावर देता येतात. आपला बीएलओ कोण हे 1950 या क्रमांकावर कळतं. पत्त्यासाठी आधार, वीजबिल, बँकेचं पासबुक, नोंदणी केलेला भाडेकरार यातलं काहीतरी लागतं. घरमालक करार करून द्यायला कां-कूं करत असेल तर बाकीच्या कागदांवर भर द्या, त्यावाचून अडत नाही.

आता अवघड भाग. कितीतरी लोक इथे आठ-दहा वर्षं राहतात आणि नाव साताऱ्यातच ठेवतात. "गावचं मत कसं सोडायचं," म्हणतात. मला ते समजतं. माझं माहेरचं नाव यादीतून निघालं त्या दिवशी मलाही वाईट वाटलं होतं. पण दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्यात बसत नाही, आणि दर निवडणुकीला तुम्ही बाराशे किलोमीटर जाणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे. जिथला कचरा तुमच्या दारात पडतो, तिथे मत द्या.

दुसरी गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. विधानसभा-लोकसभेची यादी भारत निवडणूक आयोगाची, पण महापालिकेची निवडणूक घेतो मध्य प्रदेश राज्य निवडणूक आयोग, आणि त्याची यादी वॉर्डाप्रमाणे वेगळी तयार होते. तुमच्याकडे मतदार ओळखपत्र आहे, लोकसभेला तुम्ही मतही दिलंय, तरी वॉर्डाच्या यादीत तुमचं नाव भलत्याच वॉर्डात असू शकतं. 2022 ला आमच्या ओळखीच्या एका घरात तेच झालं. सासरे एका केंद्रावर, सून दुसऱ्या वॉर्डात, आणि मुलाचं नाव कुठेच नाही. सकाळपासून तिघं तीन टेबलांवर फिरत होते. निवडणुकीच्या आधी वॉर्डाच्या प्रारूप याद्या प्रसिद्ध होतात आणि "दावे-आपत्ती", म्हणजे दावे आणि हरकती, मागवल्या जातात. वर्तमानपत्रात ती बातमी आतल्या पानावर छोटीशी येते. ती आली की त्याच आठवड्यात जाऊन यादीत घरातलं एकेक नाव बोटाने पाहा. मुदत गेली की कुणाच्याही ओळखीने नाव घालता येत नाही.

मध्य प्रदेशात नोव्हेंबर 2025 पासून मतदारयाद्यांचं विशेष सघन पुनरीक्षणही (सगळ्या याद्यांची नव्याने तपासणी, एसआयआर) झालं. त्या काळात तुम्ही घर बदललं असेल किंवा सुट्टीला गावी असाल, तर आपलं नाव टिकलंय असं गृहीत धरू नका. पोर्टलवर पाच मिनिटांत कळतं.

वॉर्डाच्या कार्यालयात पहिली खेप: समग्र आयडी

मतदारयादीचं काम मार्गी लागलं की पुढची पायरी झोन कार्यालय, म्हणजे तुमच्या भागातलं महापालिकेचं क्षेत्रीय कार्यालय. तिथे जायला निमित्तही आयतं आहे. मध्य प्रदेशात सरकारी योजना, मुलांचं शाळाप्रवेश, शिष्यवृत्ती अशा कितीतरी गोष्टींना समग्र आयडी मागतात. कुटुंबाचा आठ अंकी आणि प्रत्येक सदस्याचा नऊ अंकी क्रमांक असतो. बाहेरून आलेल्या माणसाकडे तो नसतोच, म्हणून तिथे जावंच लागतं.

गेल्यावर फक्त आयडी घेऊन परतू नका. तुमचा वॉर्ड क्रमांक, पार्षदाचं नाव, सफाई दरोगा (सफाई कामगारांवरचा मुकादम) कोण, पाण्याच्या लाइनचं काम कोण पाहतं, एवढं विचारून एका कागदावर लिहून तो फ्रिजवर चिकटवा. संपत्तिकर आणि जलकर हे शब्द शिकून घ्या, आपल्या घरपट्टी-नळपट्टीची ती इथली नावं. कचरागाडीला इथे टिपर म्हणतात, तक्रार लिहिताना तोच शब्द वापरा.

तक्रार करण्याच्या जागाही लक्षात ठेवा. दर मंगळवारी जनसुनवाई असते, कलेक्टर कार्यालयात आणि महापालिकेतही. अर्ज लिहून न्या, पोच घ्या. 181 ही राज्याची सीएम हेल्पलाइन. तिथे नोंदवलेली तक्रार बंद करण्यासाठी खालचे कर्मचारी तुम्हाला फोन करतात आणि "बंद करवा दीजिए, काम हो जाएगा" म्हणतात. काम झाल्याशिवाय हो म्हणू नका. मी एकदा म्हटलं होतं आणि दोन महिने पुन्हा तेच अर्ज लिहीत बसले.

शहराचे मोठे प्रश्नही थोडे समजून घ्या, कारण प्रचारात तेच ऐकू येतील. पिण्याचं पाणी मुख्यतः तिघरा धरणातून येतं, पाऊस कमी झाला की एक दिवसाआड होतं, आणि म्हणून चंबळचं पाणी आणायची योजना वर्षानुवर्षं भाषणांत आहे. स्वर्णरेखा ही एकेकाळची नदी शहराच्या मधून सांडपाणी वाहते आहे. कचरा केदारपूरला जातो. लश्कर, मुरार आणि जुनं ग्वाल्हेर या तीन वस्त्या मिळून हे शहर झालं, त्यामुळे दर भागाची तक्रार वेगळी. मुरारकडच्या ठाटीपूरचा माणूस आणि लश्करमधल्या महाराज बाड्याजवळचा माणूस एकाच महापौराकडे वेगवेगळ्या गोष्टी मागतो.

पक्ष वर्षभर काय करतात, ते जाऊन पाहा

निवडणूक नसते तेव्हा पक्ष झोपलेले असतात अशी समजूत असेल तर ती सोडा. खरं काम त्याच काळात होतं.

भाजपची रचना बूथपासून वर जाते: बूथ समिती, त्यात मतदारयादीचं एकेक पान सांभाळणारा पन्ना प्रमुख, काही बूथ मिळून शक्ती केंद्र, मग मंडल, मग जिल्हा. महिन्याच्या शेवटच्या रविवारी "मन की बात" ऐकायला बूथवर लोक जमतात. 17 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर सेवा पंधरवडा असतो. काँग्रेसमध्ये ब्लॉक अध्यक्ष हे नाव जास्त ऐकू येतं, आणि कार्यक्रम बहुतेक वेळा धरणं धरण्याचे किंवा ज्ञापन, म्हणजे निवेदन, देण्याचे असतात. आम आदमी पार्टीने 2022 ला सिंगरौलीचं महापौरपद जिंकलं, त्यामुळे तिसऱ्या पक्षाला राज्यात काहीच जागा नाही असंही म्हणता येत नाही.

मी सांगते ते हे: दोन्ही बाजूंच्या एकेका छोट्या बैठकीला जाऊन बसा. मोठ्या सभेला नको, तिथे तुम्हाला फक्त लाउडस्पीकर ऐकू येईल. गल्लीतली, कुणाच्या तरी अंगणात सतरंजी अंथरून झालेली बैठक निवडा. तिथे कोण कुणाचं ऐकतं, बायकांना पुढे बसवतात की चहाकडे पाठवतात, पाण्याचा विषय निघाला की पार्षद वहीत लिहून घेतात की हसून टाळतात, हे सगळं दिसतं. मी ज्या बैठकांना गेले तिथे कुणीही मला "तुम्ही कुणाच्या" असं विचारून उठवलं नाही. चहा मात्र दोन्हीकडे भरपूर गोड असतो, पहिल्यांदाच सांगून ठेवा.

गाठीभेटी होतात असे दिवसही आहेत. 18 जूनला राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीवर फूलबागेत बलिदान मेळा असतो. 25 डिसेंबरला अटलजींचा जन्मदिवस, ते इथलेच. गणपतीत तर प्रत्येक इच्छुक उमेदवार आरतीला येतो. आपल्या मराठी मंडळांत कोण दरवर्षी येतं आणि कोण फक्त निवडणुकीच्या वर्षी उगवतं, हे जुन्या लोकांना तोंडपाठ असतं. त्यांना विचारा.

आडनाव मराठी असलं की

याबद्दल स्पष्ट लिहायलाच हवं.

ग्वाल्हेरमध्ये तुमचं आडनाव ऐकून समोरच्याच्या मनात दोन गोष्टी येतात. पहिली "महल". शिंद्यांच्या राजवाड्याला आणि त्या घराण्याच्या राजकारणाला इथे सगळे महलच म्हणतात. राजमाता विजयाराजे जनसंघ आणि भाजपच्या, माधवराव काँग्रेसचे. 1984 मध्ये याच ग्वाल्हेरमध्ये माधवरावांनी अटलजींना हरवलं. ज्योतिरादित्य मार्च 2020 मध्ये काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेले आणि राज्यातलं सरकार पडलं. त्यानंतर भाजपच्या कार्यकर्त्यांत जुने कोण आणि "महाराज के साथ", म्हणजे ज्योतिरादित्यांबरोबर, आलेले कोण, अशी ओळख सांगायची पद्धत पडली. तुम्ही मराठी, म्हणजे महलचे असणार, असं कुणी गृहीत धरलं तर रागावू नका, पण हो-ला-होही करू नका.

दुसरी गोष्ट शेजवलकरांची. नारायण कृष्ण शेजवलकर इथले महापौर होते, पुढे खासदार झाले. त्यांचे चिरंजीव विवेक शेजवलकर दोनदा महापौर आणि 2019 ला खासदार. इंदूरला तर चिपळूणमध्ये जन्मलेल्या सुमित्राताई महाजन लग्न होऊन आल्या, 1982 मध्ये पार्षद झाल्या, मग उपमहापौर, आणि पुढे आठ वेळा खासदार व लोकसभेच्या अध्यक्षा. आपल्याला अभिमान वाटणारच. मलाही वाटतो, विशेषतः ताईंचा, कारण सून म्हणून परक्या शहरात येऊन तिथल्या वॉर्डाचं काम करता येतं हे त्यांनी दाखवलं.

पण अभिमान आणि मत या वेगळ्या गोष्टी. आजचा कुणी उमेदवार मराठी बोलतो एवढ्यावर त्याला मत देणं, किंवा तो बोलत नाही म्हणून त्याच्याकडे जायचंच नाही, ही चूक मी आपल्या लोकांत वारंवार पाहते. लश्करमधल्या चिटणीस की गोठ या वस्तीतली नाली तुंबली तर ते पाणी पलीकडच्या अग्रवालांच्या घरातही शिरतं. अर्ज दोन्ही घरांच्या सह्यांचा असेल तर पार्षद लवकर ऐकतात. मराठी घरं आता शहरभर विखुरली आहेत. एका वॉर्डात आपली मतं निकाल फिरवतील इतकी क्वचितच असतात. शेजाऱ्यांशी हिंदीत बोला, त्यांच्या बायकांना हळदीकुंकवाला बोलवा, ग्रुपमध्ये त्यांना घ्या. यावर आमच्या मंडळात वाद होतो, काही जणांना हे पटत नाही. मला मात्र पूर्ण पटलंय.

आरक्षण आणि तिकिटं

निवडणुकीच्या काही महिने आधी आरक्षणाची सोडत निघते. वॉर्डांची जिल्ह्यात, महापौरपदाची भोपाळला. मध्य प्रदेशात शहरी संस्थांमध्ये निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. 2022 ला ग्वाल्हेरचं महापौरपद सर्वसाधारण महिलेसाठी होतं. सोडत निघाली की वॉर्डातले अर्धे इच्छुक बाजूला होतात आणि त्यांच्या घरातल्या बायकांचे फोटो बॅनरवर झळकू लागतात.

यातल्या काही बायका खरोखर कामाच्या असतात, आणि काही जणींचा फोन नवराच उचलतो. "पार्षद पती" हा शब्द तुम्हाला इथे पहिल्याच आठवड्यात ऐकू येईल. माझी विनंती एवढीच की अर्ज नेहमी पार्षद बाईंच्या हातात द्या, बोलणं त्यांच्याशी करा. "भैया से बात कर लीजिए" असं कुणी म्हटलं तरी थांबा आणि सांगा, "दीदींशीच बोलायचंय." आम्ही चार-पाच बायका एका पार्षद बाईंकडे असंच जात राहिलो. पहिल्यांदा त्या गप्प बसायच्या. सहा महिन्यांनी त्यांनी आमच्यासमोर झोनच्या इंजिनिअरला फोन लावला आणि उभ्या उभ्या हातपंपाचं काम सांगितलं. तो पंप आजही चालतो.

तुम्हाला स्वतःला उभं राहायचं असेल तर पार्षदासाठी वय 21 पूर्ण हवं, महापौरासाठी 25. महापालिकेच्या मतदारयादीत नाव हवं, आणि महापालिकेची थकबाकी नको. 2022 ला दहा लाखांहून जास्त वस्तीच्या शहरात खर्चाची मर्यादा महापौरपदाला 35 लाख आणि पार्षदाला पावणेनऊ लाख रुपये होती. हा आकडा ऐकून घाबरू नका. वॉर्डात पायी फिरून निवडून आलेले अपक्ष त्याच वर्षी परिषदेत बसले.

उमेदवार पारखताना

प्रत्येक उमेदवाराला शपथपत्र द्यावं लागतं. त्यात शिक्षण, मालमत्ता, कर्ज आणि गुन्हेगारी खटले असतात. ते मागून वाचा. गुन्ह्यांचा रकाना वाचताना घाई करू नका. आंदोलनात रस्ता अडवल्याचा खटला आणि मारहाणीचा खटला यांत फरक आहे, कलमं पाहून जाणत्या माणसाला विचारा.

उमेदवार दारात आला की हात जोडून निरोप देऊ नका. दोन प्रश्न विचारा. आमच्या गल्लीचा वॉर्ड क्रमांक काय आणि इथे पाणी कोणत्या टाकीवरून येतं? ज्याला हे माहीत असतं तो इथे आधी येऊन गेलेला असतो. महापौरपदाच्या उमेदवाराला मात्र गल्लीचा प्रश्न विचारून उपयोग नाही. त्यांना विचारा की परिषदेत बहुमत नसेल तर बजेट कसं मंजूर करून घ्याल, आणि पाण्याच्या कामाला पहिल्या वर्षी किती पैसे ठेवाल.

पैसे, साड्या, दारू वाटली जात असेल तर कलेक्टर कार्यालयातल्या निवडणूक नियंत्रण कक्षात कळवा. स्थानिक निवडणुकीतही जिल्हा निवडणूक अधिकारी कलेक्टरच असतात. पाकीट घेऊन मत दुसऱ्याला द्यायचं, हा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. मी तो देत नाही. पाकीट घेतलेल्या घराचा अर्ज घेऊन पार्षदासमोर उभं राहताना आवाज खाली जातो, हे मी पाहिलंय.

मतदानाचा दिवस

2022 ला मतदान सकाळी 7 ते संध्याकाळी 5 होतं आणि शहरात जेमतेम निम्मे मतदार बाहेर पडले. सकाळी लवकर जा, नाव दुसऱ्या केंद्रावर निघालं तर शोधायला वेळ राहतो. पक्षांच्या टेबलांवर पर्ची मिळते, कुणाकडूनही घ्या, त्याने तुम्ही त्यांचे होत नाही. ओळखपत्र बरोबर ठेवा. मोबाइल घरी ठेवा किंवा बाहेर कुणाकडे द्या. आत दोन मतं आहेत हे म्हाताऱ्या माणसांना आदल्या दिवशी समजावून सांगा. एक बटण दाबून परतणारे बरेच असतात. कुणीच पसंत नसेल तर "नोटा"चं, म्हणजे "यांपैकी कुणीही नाही"चं, बटणही आहे.

निकालानंतर

मिरवणूक निघते, गुलाल उडतो, फटाके फुटतात. तुमचा उमेदवार हरला असेल तरी निवडून आलेल्या पार्षदाला पहिल्या आठवड्यात भेटा. हार नेऊ नका, वॉर्डाची यादी न्या: कुठला दिवा बंद, कुठली नाली तुंबलेली, टिपर कोणत्या गल्लीत येत नाही. खाली शेजाऱ्यांच्या सह्या, दोन प्रती, एकीवर पोच. त्यानंतर परिषदेच्या पहिल्या बैठकीत सभापतीची निवड होते आणि मग एमआयसी जाहीर होते. पाण्याचं खातं कुणाकडे गेलं ते वर्तमानपत्रातून कापून ठेवा.

आणि निवडलेला महापौर किंवा नगरपालिकेचा अध्यक्ष अगदीच नकोसा झाला तर मध्य प्रदेशात त्याला परत बोलावण्याची तरतूद आहे. तीन-चतुर्थांश पार्षदांनी मागणी केली की लोकांचं मतदान होतं, मतपत्रिकेवर दोनच चिन्हं: खाली कुर्सी, म्हणजे रिकामी खुर्ची, आणि भरी कुर्सी, म्हणजे भरलेली. 2001 मध्ये अनूपपूरच्या लोकांनी आपल्या नगरपालिका अध्यक्षांना असंच पायउतार केलं होतं. ग्वाल्हेरला त्याची गरज पडावी असं मला वाटत नाही. फ्रिजवरचा तो कागद मात्र दरवर्षी नवा लिहा, कारण दरोगा बदलतो, इंजिनिअर बदलतो, आणि फोन नंबर तर सगळ्यांचेच बदलतात.